स्लॅबमधली राख, सभेतला धुरळा

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला गेल्या महिन्यात गेलो होतो. चाळीस वर्षांची इमारत, जिन्याखालच्या तुळईतून सळया बाहेर डोकावताहेत, आणि सभा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस हे नेहमीचे विषय होतेच, पण सभा पेटली ती काँक्रीटवरून. बिल्डरच्या तांत्रिक परिशिष्टातली एक ओळ कोणीतरी हुडकून काढली होती: सिमेंटचा काही भाग फ्लाय अॅश (वीज केंद्राची राख) आणि स्लॅगने (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने) बदलला जाईल. पहिल्या रांगेतले एक काका उभे राहिले. "म्हणजे आमच्या घरात वीज केंद्राची राख भरणार? आम्हाला शंभर टक्के त्रेपन्न ग्रेडचं सिमेंट पाहिजे. आणि लिहून पाहिजे." बिल्डरचा तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, हे ग्रीन काँक्रीट आहे. पृथ्वी वाचते." मागून कोणीतरी ओरडलं, "पृथ्वी वाचव रे, पण माझ्या बेडरूमचा स्लॅब सोडून!" हशा पिकला आणि विषय तिथेच संपला.

जुन्या इमारती तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे हा वाद मी पार्किंगमध्ये ऐकलाय, गच्चीवर ऐकलाय, एकदा तर गणपतीच्या मांडवात ऐकलाय. दर वेळी तो असाच भलत्या जागी अडतो. एका बाजूला 'भेसळ' हा शब्द, दुसऱ्या बाजूला 'पृथ्वी' हा शब्द, आणि मधल्या काँक्रीटबद्दल कोणी बोलतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगली राख किंवा स्लॅग योग्य प्रमाणात घालणं ही भेसळ नाही. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात तर ते न घालणं हीच मी चूक मानतो, आणि त्याचं पहिलं कारण पर्यावरण नसून आतली सळई आहे. मात्र काकांचा संशय मूर्खपणाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. तो फक्त चुकीच्या माणसावर, म्हणजे बिचाऱ्या राखेवर, रोखलेला आहे.

आधी ही राख आत जाऊन करते काय ते पाहू. सिमेंटवर पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट जेल, जो वाळू-खडीला धरून ठेवतो. दुसरा चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये हा चुना साधारण पाचव्या हिश्शाइतका, कधी जास्तही असतो, आणि ताकदीच्या हिशोबात तो जवळजवळ आयतोबा. बसून असतो, पाण्यात विरघळतो, संधी मिळाली की झिरपून बाहेर येतो. गळक्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात ना, तो हाच. आता वीज केंद्रात काय होतं? पिठासारखा दळलेला कोळसा भट्टीत फवारतात. त्यातली माती वितळते, धुराबरोबर वर जाते आणि थंड होताना काचेच्या सूक्ष्म गोल मण्यांसारखी थिजते. धुराड्याच्या आधी भारित पत्रे तिला पकडतात. या काचेतली सिलिका काँक्रीटमध्ये त्या आयतोबा चुन्याला गाठते आणि त्याचाही जेल करून टाकते. छिद्रं बारीक होतात, एकमेकांना जोडलेल्या वाटा बुजतात, खारं पाणी आत शिरायला वर्षानुवर्षं जास्त लागतात. शिवाय कण गोल असल्यामुळे काँक्रीट कमी पाण्यातही सरकतं. स्लॅगचं काम थोडं वेगळं. वितळलेली मळी पाण्याच्या माऱ्याने झटकन थंड केली आणि बारीक दळली, की ती स्वतःच सिमेंटसारखी घट्ट होऊ शकते. तिला सुरुवातीला फक्त एक धक्का लागतो आणि तो सिमेंटमधला चुना देतो.

ही युक्ती नवी आहे का? आपल्याकडे पोर्टलँड सिमेंटचं उत्पादन पोरबंदरला १९१४ साली नीट सुरू झालं. त्याआधीची आपली धरणं, पूल, वाडे, किल्ले कशात बांधले? चुन्यात, आणि जिथे पाण्याशी गाठ होती तिथे चुना आणि सुरकीत. सुरकी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. बैल घाणी ओढायचा, दगडी चाक गोल फिरायचं, चुना आणि सुरकी तासन् तास मळली जायची. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याला धरते हे त्या गवंड्याला रसायनशास्त्र म्हणून ठाऊक नव्हतं, हाताला ठाऊक होतं. मुल्लपेरियार धरण १८९५ सालचं, ते याच मिश्रणात बांधलेलं. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात घालत. त्या गावावरूनच अशा पदार्थांना 'पोझोलाना' म्हणतात, आणि दुकानात मिळणाऱ्या पीपीसीमधला, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमधला, दुसरा 'पी' तोच. म्हणजे इतिहासाच्या हिशोबाने निव्वळ सिमेंटचं काँक्रीट ही मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांची तऱ्हा आहे. राख घालणं ही जुनी रीत.

आणि 'भेसळ' हा शब्दसुद्धा जुनाच. १८८०च्या दशकात जर्मनीत सिमेंटमध्ये स्लॅग दळून घालायला सुरुवात झाली, तेव्हा तिथल्या पोर्टलँड सिमेंट कारखानदारांच्या संघटनेने नेमका हाच आरोप केला. शुद्ध सिमेंटच्या नावाखाली भट्टीचा कचरा खपवताहेत, असं त्यांचं म्हणणं. भांडण बरीच वर्षं चाललं, मग तपासण्या झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत स्लॅगच्या सिमेंटला तिथे स्वतःची मानकं मिळाली. त्या भांडणाचा निकाल 'मिसळू नका' असा लागला नाही. मिसळा, पण नाव वेगळं ठेवा, प्रमाण सांगा, चाचणी दाखवा, असा लागला. थालीपीठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, चणाडाळ, उडीद सगळं असतं. तिला कोणी भेसळीचं पीठ म्हणत नाही, कारण भाजणी म्हणूनच विकतात. गहू म्हणून विकली तर मात्र भांडण होईल, आणि ते योग्यच असेल.

आता काकांच्या त्रेपन्न ग्रेडकडे येऊ. हा त्रेपन्नचा आकडा सिमेंट आणि प्रमाणित वाळूच्या छोट्या ठोकळ्याचा, अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिलेल्या ताकदीचा. तो तुमच्या स्लॅबचा नाही. स्लॅबच्या काँक्रीटचा ताकदीचा दर्जा एम-२५ किंवा एम-३० असतो आणि ती ताकद राख घालूनही मिळते, न घालताही. मग लोकांना त्रेपन्नचं एवढं वेड का? कारण तो पिशवीवर छापलेला मोठा आकडा आहे. पीपीसीच्या पिशवीवर असा ग्रेड नसतो. आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे तिने अठ्ठावीस दिवसांत किमान ३३ दाखवले तरी ती पास. काका म्हणतात, "त्रेपन्न मोठे की तेहतीस?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तेहतीस ही खालची मर्यादा आहे, प्रत्यक्षात बहुतेक चांगल्या पीपीसी तिच्या बऱ्याच वर असतात, हे गिऱ्हाइकाला पिशवीवरून कळायला काही मार्गच नाही. पण त्याच पिशवीवर राखेची टक्केवारी छापलेली असते, हेही काकांना सांगितलं पाहिजे. वीस वर्षांपूर्वी बाथरूम दुरुस्त करताना त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्या चार पिशव्या आणल्या, त्यांत बहुधा राख होतीच. भारतात विकलं जाणारं बहुतांश सिमेंट मिश्र आहे.

पण मुळात आपल्याकडच्या इमारती मरतात कशाने? तपासणीला गेल्यावर मला दाबाखाली चिरडलेला खांब क्वचित दिसतो. दिसतं ते एकच. सळई गंजलेली, गंज फुगलेला, वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटलेलं. हातोडीने ठोकलं की भरीव टण् आवाजाऐवजी पोकळ ढब् असा आवाज येतो, आणि त्या आवाजावर घरातल्या बाईचा चेहरा उतरतो. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिथे प्रश्न काँक्रीटच्या दाबशक्तीचा नव्हता. खाऱ्या हवेने आतलं ताणलेलं पोलाद खाल्लं होतं. योगायोग असा, की त्याच १९८६ साली नेदरलँड्समध्ये पूर्व स्खेल्ड खाडीच्या मुखावरचा प्रचंड समुद्री बंधारा सुरू झाला. तो दोनशे वर्षं टिकावा अशा हिशोबाने आखलेला आणि भट्टीच्या स्लॅगच्या सिमेंटमध्ये बांधलेला. डच लोकांचा जवळपास पाव देश समुद्रसपाटीच्या खाली. ते समुद्रातल्या काँक्रीटमध्ये स्लॅग घालतात ते कोणावर उपकार म्हणून नाही. मिठातला क्लोराइड आत शिरू नये म्हणून घालतात. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपलीही गाठ त्याच मिठाशी आहे.

उष्णतेचाही एक मुद्दा आहे. तो घरांना कमी आणि धरणांना जास्त लागू, म्हणून थोडक्यात सांगतो. सिमेंट घट्ट होताना तापतं, जाड काँक्रीट आतून गरम आणि बाहेरून गार होतं, आणि तडकतं. अमेरिकेत माँटानामधल्या हंग्री हॉर्स धरणात १९५०च्या आसपास राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती यासाठीच. आपल्या घाटघरच्या उदंचन प्रकल्पाची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, देशातली त्या तऱ्हेची पहिली. त्यांच्या मिश्रणात राखेचं वजन सिमेंटपेक्षाही जास्त आहे. सह्याद्रीच्या कड्यावर, त्या पावसात, ती उभी आहेत.

इथवर वाचून बिल्डरचा तरुण इंजिनिअर खुश झाला असेल. आता त्याची पाळी.

राखेचं काँक्रीट मुरायला वेळ घेतं. सिमेंट आधी चुना तयार करणार, मग राख त्याला धरणार, म्हणजे हा दुसऱ्या पंगतीचा कार्यक्रम. सातव्या दिवशी ते मागे असतं, अठ्ठाविसाव्या दिवशी जेमतेम बरोबरीला येतं, छप्पन्नाव्या आणि नव्वदाव्या दिवशी पुढे जातं. आणि हे सगळं केव्हा? आत पाणी शिल्लक असेल तर. आयएस ४५६ म्हणतं, साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवा आणि राख-स्लॅगच्या काँक्रीटला किमान दहा. कोरड्या, उष्ण हवेत साध्याला दहा आणि मिश्राला चौदा दिवसांची शिफारस आहे. आता कुठल्याही साइटवर जाऊन बघा. एप्रिलमध्ये एका साइटवर सकाळी अकराला चढलो. चार दिवसांपूर्वी भरलेला स्लॅब. सिमेंटच्या माव्याने आळी केलेली, पण त्यांत पाणी नाही, तळाला तडकलेल्या चिखलाची पोपडी. खांबांना गुंडाळलेली गोणपाटं कडक, हात लावला तर धूळ उडाली. पाणी मारणारा पोरगा कुठाय विचारलं, तर मुकादम म्हणाला, "त्याला लिफ्टवर घेतलाय, माणूस कमी आहे." साइटवर सगळ्यात कमी रोज कोणाला मिळतो? पाणी मारणाऱ्या पोराला. आणि राखेच्या काँक्रीटचा सगळा भरवसा कोणावर? त्याच्यावर. एका मजल्याचं चक्र सात-आठ दिवसांवर आणायचं, सेंटरिंग वेळेआधी सोडायचं, आणि वर मिश्रणात तीस टक्के राख, हे तिन्ही एकत्र चालत नाही. या अर्थाने काकांचं खरं आहे. घाईच्या साइटवर साधं सिमेंट चुका जास्त पोटात घालतं, मिश्र सिमेंट कमी.

याहून खोल आक्षेप रसायनाचा आहे, आणि तो सहसा कोणी घेत नाही. राख ज्या चुन्याला खाते तो आयतोबा असला तरी एक काम करत असतो. तो काँक्रीट अल्कधर्मी ठेवतो, आणि त्या अल्कधर्मी अंगात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत येऊन चुना संपवतो. राखेने आधीच थोडा संपवला असेल, तर हवेचं काम लवकर होतं. म्हणजे राख मिठाला थोपवते, पण पाणी नीट मारलं नसेल तर हवेला वाट देते. किनाऱ्यावर शत्रू मीठ, तिथे सौदा साफ फायद्याचा. पण लातूर-बीडच्या कोरड्या हवेत? तिथे मीठ नाही, पाणीही नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं होतं. अशा गावात चौदा दिवस स्लॅबवर पाणी साठवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तिथे मी राखेचं प्रमाण कमी धरीन, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जपून ठेवीन, ओलं गोणपाट प्लास्टिकखाली झाकीन किंवा पृष्ठभागावर ओल धरून ठेवणारं क्युरिंग कंपाउंड मारून घेईन. सगळ्या महाराष्ट्राला एकच टक्केवारी, मग ती शून्य असो की पस्तीस, हा टेबलावरचा निर्णय झाला.

तिसरी गोष्ट राखेच्या जातकुळीची. राख म्हणजे नेमकी कोणती? पत्र्यांनी पकडलेली कोरडी बारीक राख वेगळी आणि पाण्याबरोबर तळ्यात सोडलेली, तळाच्या जाड राखेत मिसळलेली वेगळी. दुसरी भरावाला चालेल, विटांना चालेल. स्लॅबला नाही. आयएस ३८१२ मध्ये बारीकपणाच्या आणि न जळलेल्या कोळशाच्या मर्यादा आहेत, पण त्या मर्यादा टँकरच्या बाहेरून दिसत नाहीत. राख चांगली असली तरी आणखी एक उद्योग चालतो, आणि त्याला मात्र मी बेधडक भेसळ म्हणतो. आधीच राख असलेली पीपीसी घ्यायची आणि मिक्सरमध्ये आणखी राख टाकायची. कारखान्यात मोजून घातलेल्या तीस टक्क्यांवर साइटवरच्या घमेल्याचे किती, हे मग कोणालाच माहीत नसतं. एका कामावर मी बॅच स्लिपा, म्हणजे प्रत्येक गाडीत काय किती घातलं याच्या चिठ्ठ्या, मागितल्या, तर त्यांत सिमेंटच्या रकान्यात ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट, आणि गेटच्या रजिस्टरमध्ये पीपीसीच्या गाड्या! विचारलं तर "टायपिंग मिस्टेक". दोन महिने रोज तीच टायपिंग मिस्टेक. काकांनी मुठी आवळायच्या तर इथे आवळाव्यात. तिथे ते नेमके गप्प बसतात, कारण बॅच स्लिप नावाची वस्तू असते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि पैसा? राख आणि स्लॅग सिमेंटपेक्षा स्वस्त असतात, हे उघड आहे. ती बचत फ्लॅटच्या भावात उतरलेली मी तरी पाहिली नाही. 'ग्रीन'चा शिक्का गिऱ्हाइकाला आणि फरक बिल्डरला, हे लोकांना दिसतं, म्हणूनच 'पृथ्वी वाचते' या वाक्यावर पार्किंगमध्ये हशा पिकतो.

पण ते वाक्य खोटं आहे का? नाही. फक्त ते ज्याने म्हणायचं त्याने म्हटलं नाही. एक टन क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते भट्टीतले गोळे, भाजताना साधारण आठ-साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसतोच. चुनखडी फुटते तेव्हा तो दगडातूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवा, तरी तो सुटणारच. हिशोब साधा आहे. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं आणि त्यातलं तीस टक्के राखेने बदललं, तर शंभरेक किलो क्लिंकर वाचतो, म्हणजे जवळपास नव्वद किलो कार्बन डायऑक्साइड. सहा घनमीटरच्या एका ट्रान्झिट मिक्सरमागे अर्धा टन. तुमच्या गल्लीत दिवसाला असे किती मिक्सर अडकलेले असतात, मोजा.

पर्यावरणवाल्यांमध्येही एक तगडा विरोधी पक्ष आहे, आणि त्याचं म्हणणं सिमेंटवाल्यांपेक्षा मला जास्त छळतं. ते म्हणतात, राखेला काँक्रीटमध्ये प्रतिष्ठा देणं म्हणजे कोळशाला प्रतिष्ठा देणं. आधी धुराड्यांनी चंद्रपूर काळवंडवायचं आणि मग 'शंभर टक्के राख वापरली' म्हणून पाठ थोपटून घ्यायची. यात तथ्य आहे. केंद्राची राखेबाबतची पहिली अधिसूचना १९९९ची, आणि ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने वापर न झालेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांची पर्यावरण भरपाई आली. तरी जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचा गाळ कोलार-कन्हानच्या पात्रांत गेला. परळीच्या वीज केंद्राच्या राखेवरून चाललेलं राजकारण आणि दांडगाई तर सगळ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचलीय. ज्या राखेला काका कचरा म्हणतात, तिच्यासाठी तिथे माणसं एकमेकांच्या अंगावर जातात.

तरीही मला एक सांगा. देशात वर्षाला तीस कोटी टनांहून जास्त राख तयार होते, आणि जुनी तळी भरलेली आहेत ती वेगळीच. ही राख काँक्रीटमध्ये गेली नाही तर कुठे जाईल? खसाळ्यालाच. तळ्यात तिच्यातले जड धातू पाण्याबरोबर झिरपतात, काँक्रीटमध्ये ते बरेचसे जखडले जातात. उद्या कोळसा बंद करायचा म्हणून आजची राख नदीकाठी साठवत बसा, हा युक्तिवाद मला पटत नाही. पटतो तो याच्या उलट बाजूचा इशारा: राखेची सवय लागली म्हणून कोळसा चालू ठेवू नका. स्लॅगचंही तसंच. दळून वापरण्याजोगा स्लॅग जगात मर्यादित आहे आणि त्यातला बहुतेक आधीच वापरात आहे. लोखंड बनवण्याच्या तऱ्हा बदलल्या, भंगार वितळवून पोलाद होऊ लागलं, तर तो आणखी कमी होईल.

मग पुढे काय घालणार? उत्तर गमतीशीर आहे. सुरकी! स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या संस्थेत कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या पुढाकाराने, आपल्या आयआयटींना सोबत घेऊन, भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी यांचं सिमेंट तयार झालं. त्यात क्लिंकर जेमतेम निम्मा. माती सुमारे आठशे अंशांवर भाजते, क्लिंकरला साडेचौदाशे लागतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली त्याला आयएस १८१८९ हे मानक दिलं. घाणीभोवती फिरणारा बैल गेला, त्याच्या जागी प्रयोगशाळा आली, पण मिश्रणाची जात तीच. आता हे नाव एखाद्या बिल्डरच्या परिशिष्टात आलं, की काका उठून म्हणणार, "आमच्या घरात माती घालणार?"

जास्त राखेच्या बाजूने एक उदाहरण नेहमी दिलं जातं. हवाईतल्या कवाई बेटावर १९९९ साली एका शिवमंदिराचा पाया घातला गेला. बर्कलीचे प्राध्यापक कुमार मेहता यांचं मिश्रण, राख निम्म्याहून जास्त, आयुष्य हजार वर्षांचं धरलेलं. उदाहरण खरं आहे आणि मला आवडतंही. पण ते देणारे दोन गोष्टी गिळतात. त्या पायात सळईच नव्हती, त्यामुळे गंजाचा प्रश्नच नव्हता. आणि देवाला पझेशनची घाई नसते.

ठाण्याच्या त्या सभेत शेवटी मला उभं केलं. शून्य टक्के राखेचा ठराव करू नका म्हणालो, तर काका माझ्याकडे बिल्डरचा माणूस असल्यासारखे बघू लागले. मग बिल्डरच्या इंजिनिअरला विचारलं, प्रत्येक गाडीची बॅच स्लिप सोसायटीला देणार का? ताकद तपासायचे क्यूब आमच्यासमोर गाडीतून भरणार का, आणि अठ्ठावीस दिवसांबरोबर छप्पन्न दिवसांचेही ठेवणार का? मिश्र काँक्रीटला दहा दिवस पाणी, आणि तोवर खालचे टेकू न हलवण्याची हमी करारात घालणार का? आता तो माझ्याकडे काकांचा माणूस असल्यासारखा बघू लागला. तासाभराच्या हुज्जतीनंतर तिन्ही गोष्टी इतिवृत्तात आल्या. राखेची टक्केवारी सल्लागारावर सोडली. सेक्रेटरी पेन बंद करत होते, तेवढ्यात काकांनी पुन्हा हात वर केला.

"ते सगळं ठीक. पण रविवारी पाणी कोण मारणार?"

इंजिनिअरने मोबाइल काढून साइट सुपरवायझरला फोन लावला. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.